रात्री घरात चोर शिरला तर कायदा काय म्हणतो? स्वसंरक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना दरवर्षी एक हंगाम येतो. कुठल्यातरी वस्तीवर घरफोडी होते, गावोगाव अफवा उठतात, पोरं काठ्या घेऊन गस्त घालायला लागतात आणि माझ्याकडे तेच ते प्रश्न येऊ लागतात. काही प्रश्न वेळेवर येतात. काही मात्र रात्री दोन वाजता घडून गेलेल्या गोष्टीबद्दल असतात आणि विचारणाऱ्याचा भाऊ तोवर लॉकअपमध्ये असतो. हे पान त्या पहिल्या प्रकारच्या प्रश्नांसाठी आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाची जुनी कलमं ९६ ते १०६ होती, आता ती ३४ ते ४४ आहेत. आकडे बदलले, मजकूर जवळपास तोच राहिला. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाचे जुने निकाल आजही कामाला येतात.

चोराला मारलं तर केस आपल्यावरच होते, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. कलम ३४ एका वाक्यात सांगतं की स्वसंरक्षणाचा हक्क बजावताना केलेली कोणतीही गोष्ट गुन्हा नाही. ही शिक्षेतली सूट नाही. गुन्हाच घडला नाही, असं कायदा म्हणतो.

पण गुन्हा नोंदवला जाणं आणि गुन्हेगार ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस मेला किंवा जबर जखमी झाला की पोलिसांना तपास करावाच लागतो. बऱ्याचदा आधी गुन्हा नोंदवला जातो, अटकही होते आणि स्वसंरक्षणाचा मुद्दा तपासात किंवा खटल्यात पुढे येतो. घर वाचवणाऱ्या माणसाला हे अन्यायाचं वाटतं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं. तरीही घाबरून घटना लपवू नका. लपवालपवीनेच खरा बचाव बुडतो.

हा हक्क फक्त स्वतःसाठी आहे का? शेजाऱ्याच्या घरात चोर शिरले तर?

शेजाऱ्यासाठीही आहे. कलम ३५ नुसार स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्याही शरीराचं रक्षण करता येतं. मालमत्तेचंही तसंच: स्वतःची असो वा दुसऱ्याची, चोरी, जबरी चोरी, नासधूस किंवा अतिक्रमण होत असेल तर ती वाचवता येते. शेजारच्या म्हातारीच्या ओरडण्यावर धावून जाणारा माणूस परक्याच्या भानगडीत पडत नसतो. तो कायद्याने दिलेला हक्क बजावत असतो.

चोराचा जीव गेला तरी गुन्हा होत नाही, अशी वेळ कोणती?

इथे शरीर आणि मालमत्ता वेगळी करून पाहावी लागतात.

शरीराबद्दल कलम ३८ सात प्रसंग सांगतं. हल्ला असा असावा की आता मरण येईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी. किंवा तो बलात्काराच्या, अनैसर्गिक अत्याचाराच्या वा पळवून नेण्याच्या उद्देशाने केलेला असावा. कोंडून ठेवण्यासाठी हल्ला झाला आणि सुटकेसाठी पोलिसांपर्यंत पोचताच येणार नाही अशी भीती असेल, तर तो सहावा प्रसंग. सातवा अॅसिड फेकण्याचा किंवा पाजण्याचा. तो २०१३ च्या दुरुस्तीने आला. या सातांपैकी एक जरी प्रसंग असेल, तर बचाव करताना समोरच्याचा मृत्यू झाला तरी कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो.

मालमत्तेबद्दल कलम ४१ चार प्रसंग सांगतं: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवलेल्या इमारतीला आग लावणं वा स्फोटकाने उडवणं, आणि साधी चोरी, नासधूस किंवा गृह-अतिक्रमण, पण अशा परिस्थितीत की आपण काही केलं नाही तर कोणाचा तरी जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी.

आता या यादीत काय नाही ते पाहा. विहिरीवरची मोटार खोलून नेणारा, केबल कापून तांबं काढणारा, डाळिंबाच्या बागेत पोती भरणारा, अंगणातली मोटारसायकल ढकलत नेणारा चोर यात बसत नाही. त्याला अडवता येतं, झटापट करता येते, काठी मारून माल सोडवता येतो. जीव मात्र घेता येत नाही. शेतकऱ्याचं वर्षाचं पीक एका रात्रीत जातं तेव्हा हे ऐकायला कडू लागतं. पण पोत्याची किंमत आणि माणसाची किंमत कायदा एका तागडीत घालत नाही आणि मला स्वतःला ते योग्यच वाटतं.

रात्र आणि दिवस यांत फरक का?

अंधारात घरात शिरलेला माणूस एकटा आहे की पाच जण आहेत, हातात स्क्रू ड्रायव्हर आहे की सत्तूर, हे झोपेतून उठलेल्या माणसाला कळत नाही. कायद्याने ती भीती खरी मानली आहे.

पण 'घरफोडी' हा शब्द नीट समजून घ्या. नुसतं घरात शिरणं म्हणजे घरफोडी नाही. भिंतीला भोक पाडून, भिंतीवर चढून, कौलं काढून, कुलूप उघडून, आतून लावलेली कडी काढून किंवा कोणाला धक्काबुक्की करून आत येणं किंवा बाहेर पडणं म्हणजे घरफोडी. उघड्या दारातून सरळ आत आलेला भुरटा चोर रात्रीचा आला तरी त्याचं ते गृह-अतिक्रमण ठरू शकतं, घरफोडी नव्हे. तेव्हा त्याच्यापासून जिवाची भीती होती का, हा प्रश्न उभा राहतो.

आणि रात्रीची घरफोडी असली तरी सरसकट मुभा नाही. कलम ३७ ची मर्यादा सगळ्यांवर आहे: बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. खिडकीतून अर्धा आत आलेला बारा-चौदा वर्षांचा पोरगा तुम्हाला पाहून रडायला लागला, तर रात्र आहे म्हणून त्याच्या डोक्यात पहार घालायचा हक्क कोणालाच नाही.

'लागेल तेवढंच बळ' हे त्या क्षणी मोजायचं कसं?

तराजू घेऊन मोजा, असं कोर्टही म्हणत नाही. १९५२ च्या अमजद खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. मध्य प्रदेशातल्या कटनीत १९५० मध्ये दंगल उसळली होती. जमावाने इमारतीचा एक भाग लुटला, मग शेजारच्या भागाच्या दारावर लाठ्या पडू लागल्या. आत बायकापोरं होती. घरधन्याने बंदूक चालवली, एक जण मेला, काही जखमी झाले. खालच्या कोर्टांनी त्याला दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. जमाव आत येईपर्यंत, घरातलं कोणी मरेपर्यंत त्याने वाट पाहायला हवी होती असं म्हणता येणार नाही आणि अशा क्षणी माणसाने काय केलं ते सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात या विषयातली दहा तत्त्वं एकत्र मांडली आहेत. वकिलाला भेटलात तर त्याच्या टेबलावर हा निकाल असेलच.

व्यवहारात कोर्ट साध्या गोष्टी बघतं. किती जण होते, कोणाच्या हातात काय होतं, घरात कोण होतं, उजेड होता का, पहिला वार कोणी केला आणि समोरचा पडल्यावर तुम्ही थांबलात का. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

चोर पळायला लागला. मागे धावून मारलं तर?

मी सगळ्यात जास्त घरं याच एका गोष्टीपायी उद्ध्वस्त होताना पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शरीराच्या रक्षणाचा हक्क धोक्याची रास्त भीती वाटू लागली की सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच चालतो. हे कलम ४० झालं. मालमत्तेचं कलम ४३ थोडं जास्त सैल आहे. चोरी झाली असेल तर चोर माल घेऊन निसटेपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा माल परत हाती येईपर्यंत हक्क शिल्लक असतो. म्हणजे दागिन्यांची पिशवी घेऊन पळणाऱ्यामागे धावणं, त्याला पाडणं, पिशवी हिसकावून घेणं चुकीचं नाही. रात्रीच्या घरफोडीत चोर घरात असेपर्यंत हक्क चालू राहतो.

पिशवी टाकून तो उसात शिरला की सगळं बदलतं. माल मिळाला, धोका गेला. त्यानंतर पाठीत बसलेला वार बचावाचा राहत नाही, तो राग असतो. शवविच्छेदनाच्या अहवालात जखमा कुठे आहेत ते स्पष्ट लिहिलेलं असतं. समोरून झटापटीत झालेली जखम वेगळी दिसते आणि पालथ्या पडलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला झालेली वेगळी दिसते. साक्षीदार काहीही सांगोत, कोर्ट तो कागद वाचतं.

पकडून खांबाला बांधून ठेवलं तर चालतं का?

पकडता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४० नुसार आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही अटक करू शकतो. मात्र विनाकारण उशीर न करता आणि काहीही झालं तरी सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. ही सहा तासांची मुदत नव्या कायद्यात आली.

पळून जाऊ नये म्हणून हात बांधणं समजू शकतं. पण हात बांधल्या क्षणी स्वसंरक्षण संपलं. बांधलेल्या माणसापासून कोणाच्या जिवाला धोका असतो? त्यानंतरची प्रत्येक चापट, प्रत्येक लाथ वेगळा गुन्हा आहे. मनगटावर दोरीचे वळ आणि अंगभर काठीचे वळ असलेला मृतदेह कोर्टापुढे आला तर जगातला कुठलाच वकील स्वसंरक्षण सिद्ध करू शकत नाही. आणि जमावात 'मी फक्त दोनच मारल्या' हे उत्तर चालत नाही. बेकायदा जमावाचा समान उद्देश असेल तर त्यातला प्रत्येक जण त्या मृत्यूला जबाबदार धरला जातो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरमधल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक असे तिघे अशाच संशयातून मारले गेले. दोन्हीकडे अफवा आधीपासून फिरत होत्या. मेलेले निर्दोष होते. मारणाऱ्यांत असे अनेक होते ज्यांनी त्याआधी कधी पोलीस ठाण्याची पायरी चढली नव्हती.

आणखी एक बोलायला हवं. आपल्याकडे 'चोर' म्हटलं की नजर सगळ्यात आधी पालावर राहणाऱ्यांकडे वळते. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारध्याचा पोरगा रात्री रस्त्यावर दिसला की गावाला आजही तेवढं कारण पुरतं. संशय हा स्वसंरक्षणाचा आधार नाही. समोर घडणारं कृत्य हाच आधार.

पळून जाता येत असताना मी थांबलो आणि लढलो, तर ते माझ्या विरोधात जाईल का?

स्वतःच्या घरातून पळ काढण्याचं बंधन आपल्या कायद्यात नाही. हल्ला झाल्यावर भित्र्यासारखं पळावं अशी अपेक्षा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे.

मात्र सरकारी यंत्रणेकडे जायला वेळ होता तर हा हक्क नाही, असं कलम ३७ म्हणतं. उद्या बांधावर येऊन बघतो, अशी धमकी आज मिळाली आणि तुम्ही पोलिसांकडे न जाता दहा माणसं जमवून बसलात, तर ते स्वसंरक्षण नाही, मारामारीची तयारी आहे. रात्री दोन वाजता दार तुटत असताना मात्र ठाण्यात जायला वेळ नव्हता, हे कोणालाही समजतं.

चोरांसाठी कुंपणाला करंट सोडला तर?

अजिबात सोडू नका. चेरुबिन ग्रेगरी खटल्यात बिहारमधल्या एका माणसाने आपल्या संडासात इतरांनी येऊ नये म्हणून वाटेवर उघडी वीजतार लावली. शेजारची बाई तारेला लागून मेली. ती परवानगीशिवाय आली होती हे खरं, पण अतिक्रमण करणारा माणूसही कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. तार समोरचा कोण आहे ते बघत नाही. तिला चोर, शेजारी, रानडुक्कर आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला आपलाच गडी सगळे सारखेच. विदर्भात रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटने माणसं गेली आहेत, वाघही गेले आहेत. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची शिक्षा नव्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत आहे. करंटने माणूस मरेल हे ठाऊक असूनही सोडला असं दिसलं तर गुन्हा सदोष मनुष्यवधाचा, म्हणजे खुनाच्या खालोखालचा, होतो.

घरात काठी, कोयता, बंदूक ठेवता येते का?

लाठी, चालायची काठी आणि निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराची अवजारं शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये 'शस्त्र' धरली जात नाहीत. विळा, कुऱ्हाड, ऊसतोडीचा कोयता घरात असणं गुन्हा नाही. तलवारी, गुप्त्या यांच्या वाटेला जाऊ नका. बंदुकीला परवाना लागतोच आणि परवाना आहे म्हणून गोळी झाडायचा वेगळा हक्क मिळत नाही. कलम ३७, ३८ आणि ४१ परवानाधारकालाही तेवढीच लागू आहेत. जमावबंदी किंवा शस्त्रबंदीचा आदेश असताना सार्वजनिक जागी लाठी घेऊन फिरणंही अडचणीचं ठरतं. गस्तीला निघणाऱ्यांनी आधी पोलीस पाटलांना आणि ठाण्याला कळवावं, ग्रामसुरक्षा दल असेल तर त्यात नाव घालावं.

अंधारात ओळखलं नाही आणि आपलाच माणूस निघाला तर?

याचा विचार कायदा लिहिणाऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच केला आहे. कलम ३६ च्या उदाहरणात हक्काने रात्री घरी आलेल्या माणसाला घरफोड्या समजून दुसरा प्रामाणिकपणे हल्ला करतो. त्याचा तो गुन्हा ठरत नाही, पण आलेल्या माणसालाही स्वतःला वाचवण्याचा पूर्ण हक्क राहतो. 'प्रामाणिकपणे' याचा कायद्यातला अर्थ पुरेशी काळजी घेऊन, असा आहे. म्हणून दिवा लावा, 'कोण आहे?' म्हणून ओरडा. उशिरा घरी येणारा मुलगा, दारू पिऊन चुकीचं दार वाजवणारा शेजारी, स्मृतिभ्रंश झालेली आजी, सगळ्यांचा जीव त्या एका हाकेवर असतो.

हल्ला करणारा घरातलाच असेल तर? नवरा, दीर, सासरा?

कलम ३८ हल्ला बघतं, नातं बघत नाही. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी भीती असेल तर बाईचा हक्क तितकाच पूर्ण आहे. अनोळखी चोरापुढे एक कायदा आणि नवऱ्यापुढे दुसरा, असं नाही.

साध्या वेशातले लोक 'आम्ही पोलीस' म्हणून आले तर?

सरकारी सेवकाने प्रामाणिकपणे केलेल्या कामाविरुद्ध, त्यात थोडी बेकायदा चूक असली तरी, हा हक्क सहसा मिळत नाही. पण त्या कृत्याने जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर मिळतो. समोरचा सरकारी माणूस आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं आणि कळायला काही कारणही नव्हतं, तरीही हक्क शाबूत राहतो. दार न उघडता ओळखपत्र मागा आणि ११२ वर फोन करून खात्री करा.

मर्यादा ओलांडली गेली तर थेट खुनाची शिक्षा होते का?

सहसा नाही. सूड मनात नसताना, प्रामाणिकपणे बचाव करताना हात जास्त चालला आणि माणूस मेला, तर कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादानुसार तो खून नसून सदोष मनुष्यवध ठरतो. शिक्षा कलम १०५ खाली: मारण्याचा उद्देश दिसला तर पाच ते दहा वर्षं किंवा जन्मठेप, नुसती जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. खुनापेक्षा कमी, पण एखाद्या घराचा कर्ता माणूस निघून जायला पुरेशी.

हे सगळं कोर्टात सिद्ध कोणी करायचं?

आरोपीने. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १०८ तसं सांगतं. पण सरकारी पक्षासारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही. तुमचं म्हणणं जास्त संभवनीय दिसलं की पुरतं. सरकारी साक्षीदारांच्याच उलटतपासणीतून आणि कागदपत्रांतून स्वसंरक्षण दिसत असेल, तर आरोपीने ते वेगळं मांडलं नसलं तरी कोर्ट विचारात घेतं. तुमच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकारी पक्षाने केला नाही, तर तीही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट असते.

घटना घडून गेल्यावर पहिल्या तासात काय करावं?

११२ वर फोन करा. तुमच्या फोनची वेळ नोंदली जाते आणि पुढे तोच पहिला पुरावा ठरतो. जागा धुऊ नका, तुटलेली कडी बसवू नका, चोराची कटवणी किंवा चप्पल हलवू नका. पंचनामा होईपर्यंत सगळं जागेवर राहू द्या. तुम्हाला किंवा घरच्यांना खरचटलं असलं तरी सरकारी दवाखान्यात तपासणी करून नोंद घ्यायला लावा. दोन दिवसांनी दाखवलेल्या जखमेवर कोणी विश्वास ठेवत नाही. घरफोडीची स्वतःची फिर्याद द्या, नाहीतर कागदावर फक्त मेलेल्याच्या नातेवाइकांची बाजू राहते.

जे झालं ते खरं सांगा. आम्ही मारलंच नाही, तो गच्चीवरून पडला, अशी गावाने मिळून रचलेली कहाणी शवविच्छेदनात उघडी पडते आणि खरा बचावही हातातून जातो. वकिलाला भेटायचा हक्क अटकेच्या क्षणापासून आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

परदेशातल्या आमच्या मुलांना हेच नियम लागू आहेत का?

नाही, तिथले नियम त्या त्या देशाचे. अमेरिकेत राज्यागणिक कायदा बदलतो आणि बऱ्याच राज्यांत घरात शिरलेल्यावर बळ वापरायला आपल्यापेक्षा मोकळीक आहे. इंग्लंडमध्ये २०१३ पासून घरात राहणाऱ्याला थोडी जास्त मुभा आहे, तरी अगदीच बेसुमार बळ चालत नाही. तिकडचे व्हिडिओ पाहून इकडे वागू नका. गोव्यात मात्र महाराष्ट्रासारखीच भारतीय न्याय संहिता लागू आहे.

जखमी चोराला आम्हीच दवाखान्यात नेलं तर कबुली दिल्यासारखं होईल का?

नाही होत, उलट फार मोठा फरक पडतो. ११२ बरोबर १०८ वरही फोन करा. रुग्णवाहिकेला वेळ लागत असेल तर रक्त थांबेल असं फडकं घट्ट बांधा, गावातल्या कोणाची गाडी काढा आणि दवाखान्यात खरं कारण सांगा. माणूस वाचला तर खुनाचा प्रश्नच उरत नाही. नाही वाचला, तरी तो खाली पडल्यावर तुमचा हात थांबला होता, हे त्या रुग्णवाहिकेच्या नोंदीवरून दिसतं.